पंखा बंद

बजेट नऊ हजार.
दोन माइकच्या भाड्याला, एक शेव-मुरमुऱ्याला,
बाकीचे अजून लोकांच्या खिशात आहेत.
म्हणून ठरलं: माणसं दोन, खोली एक,
आणि बोलणं.
बोलण्याला अमळनेरात भाडं पडत नाही.

स्टुडिओचं शटर अर्धं ओढून
मी आणि नजीर तडवी वहीत तोंड घालून बसलो.
बाहेर चव्वेचाळीस. आत पंखा बंद,
कारण पंखा फिरला की माइकला
माणूस कमी आणि पंखाच जास्त ऐकू येतो.
म्हटलं, सवय आत्तापासूनच लावू.

नजीर म्हणाला, एसटी. शेवटची गाडी, कंडक्टर, एक बाई.
म्हटलं, डिझेल?
नजीर म्हणाला, पीठगिरणी. दोघं भांडतात जिवाच्या आकांतानं
आणि गिरणीच्या घरघरीत आपल्याला एक अक्षर कळत नाही.
वा, म्हटलं. मग ध्यानात आलं,
संवादांचा सिनेमा, आणि ऐकू येतंय पीठ.
तरी लिहून ठेवलं, समासात, लाल पेननं.

मग मी सुचवलं: अबोला धरलेले नवरा-बायको,
ताटावर मध्ये बसलेला पोरगा.
"तुना बापले सांग, मीठ सरी गे."
"मायले सांग, माले माहीत शे."
हे जमत होतं.
पण ज्या पोरावर नजर होती
त्याची सहामाहीत गणितात दांडी उडालेली,
आई म्हणाली, परीक्षा होईस्तोवर दारात दिसू नका.

तेवढ्यात शटरखालून आधी काठी आली,
मग टोपी, मग टोपीखालचे दौलत बुधा भदाणे.
"फोटो काढाना शे. हयातीना दाखलाकरता."
स्टुलावर बसवलं. मागे निळा पडदा.
"हासू का?"
"नको बाबा, सरळ बघा."
"हासनू ते मरेल दिसस का मी?"
"सरकारला चालत नाही."
बाबा सरळ बघत राहिले. घाम भुवईवर थांबलेला.
"मांगला सालना फोटो शे का तुनाकडे?"
"आहे, कॉम्प्युटरमध्ये."
"मंग तोच दी दे. तवय मी जास्ती जित्ता व्हतू."

ते गेले. आम्ही दोघं
चोरी करून आल्यासारखे एकमेकांकडे पाहत राहिलो.

रात्री लिहायला बसलो, आणि बिघडवलं.
बाबांना सुरतेला गेलेला मुलगा दिला,
खोकला दिला,
नजीरनं शेवटी एक अश्रू टाकला, बासरीसकट.
पानं झाली अकरा.

तिसऱ्या दिवशी बाबांना बोलावलं.
चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं, बोट फिरवत,
जसं कुणाचं मृत्युपत्र वाचावं.
"हाई कोनी लिखं?"
आम्ही गप्प.
"हाई मी नही बोलनू, भाऊ."

खोडायला लागलो. आधी सुरत गेली.
मग खोकला. बासरी सहज गेली.
अश्रूवर नजीर दुपारभर अडून बसला,
चहाच्या दुसऱ्या फेरीला तोही गेला.
उरली सहा-सात वाक्यं,
ती मुळात आमची नव्हतीच.

कॅमेरा चालू. पंखा बंद.
बाबा बरोबर बोलत गेले, एकही शब्द न सांडता,
आणि शेवटच्या वाक्याआधी थांबले.
वर पाहिलं.
थांबलेल्या तीन पात्यांकडे बराच वेळ.
"पंखा लाव रे पोऱ्या," म्हणाले, "जीव जाई ऱ्हायना."

नजीरचा हात बटणाकडे निघाला.
मी मनगट धरलं त्याचं.

मानधन म्हणून पैसे घेतले नाहीत बाबांनी.
मागल्या सालचा फोटो मागितला, चार प्रती,
या सालच्याही चार.
आठही मोजून पाकिटात घातल्या, पाकीट टोपीत.
तहसीलला कोणता लावला,
आम्ही अजून विचारलेलं नाही.